पोर आणि पारा

वलेन्सियाहून आलेलं जुनं यंत्र,
बेनोड्याच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये
संत्री धुतं, पुसतं, मेण लावतं, मापानं वेगळी करतं.
त्याचं पुस्तक स्पॅनिश.
पहिल्या वर्षी मी त्यातली नामं शिकले:
पट्टा, ब्रश, दात, तेल.
नामांवर यंत्र चालतं.
बिघडलं की क्रियापदं लागतात.

म्हणून आता मधली पातळी.
रात्रपाळीत, क्रेट उलटा घालून, मोबाइलच्या उजेडात
पोर आणि पारा.
दोन्हींचा अर्थ 'साठी', म्हणतं पुस्तक,
आणि पुढं चार पानं अपवाद.
आपल्याकडं पोर म्हणजे लेकरू, पारा म्हणजे पारा.
दोन्ही मुठीत राहत नाहीत.

पंचफुलाबाईनं पट्ट्यावरची नजर न काढता विचारलं,
"काहून शिकून राहिली वं कुमुद?"
मग जरा थांबून,
"अन् कायले?"

मी वही खाली ठेवली.
काहून म्हणजे मागून ढकलणारं,
कायले म्हणजे पुढून बोलावणारं.
चार पानं तिनं दोन शब्दांत गुंडाळली
आणि एक फुटकं संत्रं बाजूला टाकलं.

'शिकून राहिली' ऐकून पुण्याचा एजंट हसतो.
हाविएर हसणार नाही.
तिकडं तोही असाच
बोलून राहिला, पाहून राहिला, दुरुस्त करून राहिला.

हिरवं असणं त्यांच्यात दोन तऱ्हांचं.
एक रंगानंच हिरवं, जन्माचं.
दुसरं अजून हिरवं, महिन्यानं नसेल.
त्यांचं क्रियापद बदलतं.
आमचं तेच राहतं,
फरक पंचफुलाबाईच्या अंगठ्यात असतो.

भूतकाळ मात्र जमेना.
तेही दोन आहेत. एक घडत राहिलेला, एक घडून गेलेला.
"माहा मालक येत जाय सायकलनं," ती सांगत होती,
दुसऱ्याच कुणाला,
"डब्यात भाजी उरली का पाहत जाय.
मंग एक रोज आलाच नाई."
येत जाय. आला नाही.
मी दोन्ही लिहून घेतले.
तिला सांगितलं नाही.

आंबियाच्या ऐन गर्दीत
तिच्या ओट्यातला अडकित्ता रोलरमध्ये पडला.
एक दात गेला, सगळंच थांबलं.
ढोलेसाहेब माझ्यामागं उभे:
"कोणी तोडलं ते लिही त्याला. नावानिशी.
पगारातून कापू."
बारा बाया गप्प.
पट्ट्यावर संत्री एकमेकांना टेकून उभी.

मी लिहिलं: से नोस रोम्पियो.
वाक्यात तोडणारं कुणीच नाही.
तुटलं ते यंत्रच,
आणि आम्ही फक्त,
ज्यांच्या हातून तुटलं ते.
"काय लिहिलं?"
"तुटलं म्हणून. त्यांच्यात असंच म्हणतात."
खोटं नव्हतं.
व्याकरण होतं.

नवा दात वीस दिवसांनी येईल.
हाविएरनं खाली एक ओळ जोडली,
तुमचं बरं जावो, अशा अर्थाची.
ते 'जावो' पुस्तकात फार पुढच्या धड्यात आहे,
तिथवर मी पोचले नाही.

सुटी झाल्यावर पंचफुलाबाई फाटकाशी थांबली.
"अडकित्ता निघालाच, तं ठेवजो वं."

ठेवजो.
घरापर्यंत तो 'जो' मी गालात धरून चालले,
सुपारीच्या खांडासारखा.