पट्टी

भार्गवी ताम्हणे, वय सोळा.
रोज सव्वापाचला काळ्या घोड्याच्या पुलावर थांबते,
खांबावरची पट्टी वाचते, वहीत लिहिते :
विश्वामित्री, नऊ फूट. मगरी दोन, एकीचे फक्त डोळे.
चार वर्षांच्या सात वह्या झाल्यात.
आई म्हणते, नाद. जुन्या अहवालात शब्द होता वर्तनदोष.
तो खोडायचा अधिकार मला नाही.
मी शेजारी एक ओळ वाढवली : नदीची नोंद ठेवते.

दांडिया बाजारात, सायकलच्या दुकानावर आमची खोली.
तिथे ट्यूबलाइट बंद असते, तिला तिचा आवाज ऐकू येतो.
खरं तर मलाही येतो,
हे मला चाळिशी उलटल्यावर तिच्याकडून कळलं.
कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायची इथे सक्ती नाही.
ती खिडकीशी बोलते, मी तिच्या वहीशी.
कधी पाऊण तास नुसता पूल,
आणि मधेच, पाण्याच्या दोन आकड्यांमध्ये,
ती सांगून जाते की वर्गात तिला मशीन म्हणतात.

चैत्रात कोठीवरून कागद आला.
अनुदान चाळीस टक्क्यांना मिळायचं, आता साठ लागतील.
सगळ्यांनी पुन्हा तपासून घ्यायचं.
खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता, पाणी विचारलं त्यानं.
"बेन, नवो नियम छे," म्हणाला,
जसं कुणी उन्हाबद्दल बोलावं.

शिबिराच्या आदल्या रात्री आईचा फोन :
"ताई, किती दाखवायचं?"
प्रश्न मला कळला, म्हणूनच मी गप्प राहिले.
वर्षभर आम्ही तिघी मिळून शिकत होतो
की ती मोडलेली नाही.
आता अर्जापुरती मोडायची होती,
निदान साठ टक्के.

डॉक्टर भला निघाला. त्यानं मगरींचं विचारलं.
सतरा मिनिटं बोलली ती :
मादी काठावर कुठे खणते,
अंड्यातली पिल्लं आतूनच कशी हाक मारतात,
आईला ती किती लांबून ऐकू येते.
डॉक्टर हसत होता, लिहीत होता.
खाली आकडा टाकला, अडतीस.

घरी जाऊन ती तीन दिवस बोलली नाही.
भात, दही, पुन्हा भात. पलंगाखाली, उशी कानावर.
आईनं शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा बंद करायला लावला.
हे तीन दिवस कुठल्या रकान्यात भरायचे
ते परिपत्रकात नाही.

मी अपील लिहायला बसले.
संवादात असमर्थ, लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
हात सवयीचा आहे, अशी वाक्यं भरभर येतात.
चौथ्या दिवशी ती आली, समोर बसली.
तिला उलटं वाचता येतं, हे मी विसरले होते.
"हे मी आहे?"
"हे पैशांसाठी आहे,"
मी म्हणाले, आणि कागदावर हात ठेवला,
फार उशिरा.

ती रागावली नाही. वही काढून बराच वेळ पानं उलटली.
"पाणी तेवढंच आहे, ताई. त्यांनी पट्टी सरकवली.
पट्टी सरकवली की जुन्या नोंदी चुकीच्या वाटतात.
चुकीच्या नसतात.
कधी सरकवली ती तारीख फक्त लिहून ठेवायची."

अर्जात तशी जागा नव्हती. मी तारीख समासात लिहिली.
असमर्थ तसंच राहू दिलं.
साठ हवेत.

सव्वापाचला दहा मिनिटं होती.
तिनं चप्पल घातली, उजवी आधी,
आणि जाताना ट्यूबलाइटच्या बटणाकडे एकदा बघितलं,
बंद आहे ना म्हणून.