पाटीवर जागा नाही

अदिस अबाबात आमचं घड्याळ
उजाडल्यापासून मोजायला लागतं.
एक वाजलेला असतो, एन्तोतोवरचं धुकं अजून खाली यायचंय,
आणि मी हातोडीच्या दांड्यानं
परांचीचा एकेक निलगिरीचा वासा ठोकत जाते.
धड असला तर ठणठणीत उत्तर देतो.
आतून चिरलेला बद्द बोलतो.
त्याला मी लाल फडकं बांधते.
बायका हसतात: आली त्सिगेरेदा, झाडांची डॉक्टरीण.

हसू देत.
अस्नाकेच हेल्मेटात भाजलेले जव घालून आणते,
सुट्टीत सगळ्यांना मूठमूठ वाटते,
मग तेच झटकून डोक्यावर.
हनुवटीचा पट्टा लाव म्हटलं तर म्हणते,
एक फास आहे की घरी, रोज जेवायला मागतो.

फाटकाशी पाटी: अपघाताविना दिवस.
वोर्कू रंगाऱ्यानं हौसेनं जुन्या गीझ अंकांत रंगवलेली,
चर्चमधल्या पोथ्यांत असतात तसे,
डोक्यावर रेघ, पायाशी रेघ.
दोनशे अकरा.
अडीचशे भरले की मालक मेंढा कापणार होते.

मंगळवारी देमिसे तिसऱ्या मजल्यावरून खाली आला.
वासा तोच, बद्द बोललेला.
फडकं मला मिक्सरपाशी सापडलं,
कुणीतरी हात पुसून टाकलेलं.
वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी.
शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर
आजचा रोज धरणार ना?

गेताहुन साहेब म्हणाले,
तो त्या दिवशी कामावर नव्हताच, असं लिहू.
वहीत मी आधीच लिहून झालं होतं. शाईनं.
मग साहेब पाटीकडे वळले.
त्सिगे, या अंकांत शून्यच नाही.
जे लिहिताच येत नाही ते लिहिणार कसं?
राहू दे आहे ते.

खरं आहे. आमच्या जुन्या अंकांत शून्य नाही.
एकापासूनच सुरू होतात,
जसं काही त्याआधी
कुणी पडलंच नव्हतं.

मी शिडी लावली.
अस्नाकेचनं धरली, पाय रोवून, शिकवली तशी.
वरून पाहिलं, पट्टा लोंबतच होता.
रॉकेलच्या बोळ्यानं दोनशे अकरा पुसायला
दुपार गेली. वोर्कूचा रंग पक्का.
रिकाम्या जागेत लिहिलं: देमिसे.
अक्षरं तिरकी आली.

दुसऱ्या दिवशी वोर्कू ब्रश घेऊन
बराच वेळ खाली उभा.
एक कुठं काढू, म्हणाला, जागाच नाही.
काढ कडेला, म्हटलं.
मला दक्षिणेच्या बाजूचे वासे
अजून ठोकायचे होते.