दार लावून बघ

वोल्फ्सबुर्ग. एप्रिलातला रविवार, कालव्यावरून येणारा वारा
अजून हिवाळ्याच्याच तोंडानं बोलतोय.
पलीकडे कारखान्याची चार धुराडी, सुट्टीची, गप्प.
ल्युडेकेच्या अंगणात चार गोल्फ जीटीआय, नाकाला नाक लावून,
आणि मधे घडीच्या खुर्चीवर माझे वडील, सावेरिओ.
चौदा वर्षं प्रेसशॉप, मग सतरा वर्षं दारांची लाइन.
कान प्रेसनं खाल्ले.
उरलेले हात घेऊन आलेत.

ल्युडेकेला निकाल हवाय: कुठली पिढी सगळ्यांत पक्की?
वहीत रकाने आखलेत,
रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्रही आणलंय.
वडील म्हणाले, ते ठेव खिशात. दार लाव.

पहिली, ब्याऐंशीची, लाल.
खण्ण!
बिस्किटांच्या डब्याचं झाकण.
छतावर टेकवलेला तळहात त्यांनी हसत काढून घेतला.
"हलकी होती म्हणून पळायची.
पावसात पायाशी तळं, हिवाळ्यात रस्त्याचं मीठ खायची,
वसंतात चाळण.
तशी गाडी आता होणे नाही म्हणतात.
नकोच व्हायला."
ल्युडेकेचं तोंड उतरलं. बारा वर्षं पत्र्याला पत्रा जोडून
त्यानंच उभी केली होती ती.
मी म्हटलं, पण सीटच्या चौकड्या बघा, काल शिवल्यासारख्या.
आणि गिअरच्या दांड्यावरचा तो खळ्याखळ्यांचा चेंडू,
मुठीत धरला की कुणाचाही हात बावीस वर्षांचा होतो.
वडिलांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

दुसरी.
थड्प.
इथे ते खुर्चीतून उठले.
तळहात छतावर, मग खांबावर, मग बिजागरीपाशी,
बैलाची पाठ थोपटावी तसे.
"या दारांच्या पोटात आम्ही मेण सोडायचो,
जिथे कुणी कधी डोकावणार नाही तिथे."
थोडं थांबून:
"शुक्रवारी, उशिराच्या पाळीत, जरा कमीच."
ल्युडेकेनं विचारलं, ही कुठल्या वाराची?
वडील म्हणाले, तुझ्या वहीत त्याला रकाना आहे का?

तिसरी इथे नाही.
ती माझ्या भावाची, नुन्झिओची होती,
चाकांच्या कमानींपासून वर वर गंजत गेली.
तिच्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

चौथी माझी.
धप्प. तिजोरीच.
ल्युडेकेनं न विचारताच दहापैकी नऊ लिहिले.
मी लिहू दिले.
सांगितलं नाही, बटणांवरचा मऊ मुलामा
उन्हाळ्यात नखाला चिकटून निघतो,
छताचं कापड केसांवर उतरतं,
आणि एका जानेवारीत, हायवेवर,
काच दाराच्या पोटात कोसळली होती
आणि मी हानोफरपर्यंत बर्फ खात गेले होते.
वडिलांनी छताला हात लावला, माझ्याकडे बघितलं.
त्यांना माहीत होतं. काच त्यांनीच बसवून दिली होती.

पाचवी, सहावी, सातवी: रकाने रिकामे.
एवढ्या गाड्या ओळखीत कुणाकडे असतात?

आठवी ल्युडेकेच्या नातीची, वीबकेची. भाड्याची, तीन वर्षांची.
आत बटण म्हणून नाही, सगळी काच,
आवाज कमी करायची पट्टी रात्री अंधारात चाचपावी लागते म्हणे.
वडिलांनी दाराच्या फटीतून अंगठ्याचं नख ओढलं,
वरून खाली, एका दमात.
कुठे अडलं नाही, कुठे सैल पडलं नाही.
"हे आम्हाला जमलं नसतं," ते म्हणाले,
चांगल्या सुनेबद्दल बोलावं तसं.

मग छतावर तळहात, दुसऱ्या हातानं दार.
दोन बोटांनीच लागलं.

त्यांनी वीबकेकडे बघितलं.
"लागलं?"
तिनं मान डोलावली.
त्यांनी पुन्हा उघडलं. लावलं.
तळहात तसाच, पसरलेला, थंड पत्र्यावर.
"लागलं?"
ल्युडेके पेन्सिल धरून उभा.
कालव्यावरून एक बार्ज गेली, तिचं इंजिन
माझ्या तळपायांना कळलं, त्यांच्याही कळलं असणार.
त्यांनी बूट किंचित सरकवले, डोळे मिटले,
आणि तिसऱ्यांदा दार उघडलं.