हात न टेकता

पूर्णेहून मिरखेलच्या दिशेनं सहा किलोमीटर,
तेवढेच परत.
खांद्यावर हातोडा, पिशवीत चाव्या,
चौतीस वर्षं रुळातून चाललो.
एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर,
पाऊल माझं, माप रेल्वेचं.
ढिली चावी दिसली की वाकायचं,
दोन घाव, ठण्ण.
बसली का नाही ते आवाजावरून कळायचं.
त्या चालण्याचा पगार होता.
व्यायाम हा शब्द आमच्या गँगमध्ये
कुणी काढला असता
तर त्यालाच सगळ्यांचा चहा पडला असता.

रिटायर झालो आणि बसलो.
बसलो म्हणजे बसलोच.
ओट्यावर, खुर्चीत, टीव्हीपुढं,
पोराच्या मोटारसायकलवर मागं.
सात वर्षांत अंगातली एकेक चावी
निसटत गेली,
हातोडा घेऊन फिरणारं आत कुणी नव्हतं.

नांदेडची ती डॉक्टरीण, पोरगीच,
म्हणाली, काका, खाली बसा. मांडी घाला.
बसलो.
आता उठा. हात न टेकता.

पंखा तेवढा फिरत होता.
मी आधी डावा हात टेकला,
मग उजवा,
मग गुडघा,
मग तिच्या टेबलाचा पाय धरला.
वरची पेनं गडगडत खाली आली.
हात टेकणं याला आपल्यात दुसराही अर्थ आहे,
तो तिनं काढला नाही.
कागदावर फक्त लिहिलं, दहापैकी तीन.
शाळेतसुद्धा इतके कमी पडले नव्हते कधी.
गणित सोडून.

तेव्हापासून पहाटेची पॅसेंजर गेली की
गौस मिस्त्री हाक देतो.
लोकोशेडात होता तो, कोळशाच्या इंजिनापासून.
छातीत स्प्रिंग बसवलीय हैदराबादला.
म्हणतो, "नवा पार्ट है, रनिंग में रखना पडता."
शेडमागच्या बाभळींना वळसा घालून चार फेऱ्या.
माझ्या दोन्ही हातांत तेलाचे डबे,
पाच-पाच लिटरचे, पाणी भरलेले.
क्रिकेटची पोरं हसतात.
हसू दे.
चौथ्या फेरीला गौस बोलायचा थांबतो,
मी त्याच्या श्वासाला कान लावून चालतो.
जुनी सवय.

खरी परीक्षा घरी.
सतरंजी, भिंत आणि जमीन,
जी दरसाल थोडी आणखी खाली जाते.
पहिला महिना दोन्ही हात.
मग एक.
मग मूठ.
मग उगं दोन बोटं,
पापडाचं पीठ दाबून बघावं तशी.

पौर्णिमेला विहारात
पांढऱ्या चादरीवर बसणारे पुढं,
मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग.
आमच्या वयाची सगळी तिथं,
वंदनेला नुसती मान वाकवतात.
मला त्या रांगेतून पुढं जायचंय.
बाकी काही नाही.

मधे आठ दिवस तापानं पडलो.
पुन्हा मूठ, पुन्हा एक हात.
द्वारका म्हणाली, कामून जिवाला तरास.
तिला काय सांगू,
रुळाचंही असंच असतं,
आज ठोकलेली चावी
उद्या गाडी गेली की पुन्हा हलणार,
म्हणून तर रोज माणूस लागतो.

काल संध्याकाळी
ती सुपात तूर निवडत होती.
मी सतरंजीवर, पायांची अढी घालून
पुढं झुकलो.
मांड्या थरथरल्या,
मालगाडी जाताना पूल हलतो
तसा सगळा हललो,
आणि उभा.
दोन्ही हात हवेत, रिकामे,
त्यांचं काय करावं कळेना.

द्वारकानं सुपातून मान वर केली.
"उठलावच तर
त्यो कुकर बंद करा.
कवाच्या शिट्ट्या व्हायल्यात."