भूमध्य

शाळेत मास्तर नकाशावर छडी फिरवत म्हणायचे, भूमध्य समुद्र,
आणि मला वाटायचं, म्हणजे आपल्याच इकडं कुठंतरी असणार.
भूमीच्या मध्यात तर आपणच आहोत,
चारी बाजूंनी नुसती जमीन,
धान, लाखोळी, मिरचीचे सातरे.

पुढं जहाजाच्या भटारखान्यात सात वर्षं कांदे चिरले
तेव्हा तो खरा पाहिला.
एका गावी चार तासांची सुट्टी मिळाली.
पांढरी घरं, लिंबाची झाडं, जाळ्यांचा ओळखीचा वास,
आणि छत्री उंच धरून पुढं चालणारी एक बाई.
तिच्यामागं आम्ही तीसजण, हातात तिकिटं.
ती सांगे, इथं चूल होती. इथं जातं.
हा उंबरा पाहा, मधोमध झिजलाय,
दोन हजार वर्षांपूर्वीच्या पायांनी.
सगळे वाकले. मीही वाकलो.
आपला उंबरा तेव्हा आठवला नाही, खरं सांगतो.

आता पवनीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यात
दुधराम मारबतेचा डोंगा.
माणशी शंभर, लाइफ जॅकेटसकट.
रविवारी नागपूरची माणसं येतात,
चिप्सची पुडकी, टोप्या, एक रडणारं पोर.

"हे पाहा," दुधराम वल्हं उचलून पाण्याकडे दाखवतो,
"इथं हापशी होती. तीन हात मारले का चौथ्याले पाणी ये.
इथं शाळा. इथं गभणेबाईचं दुकान,
तिचे भजे खायाले लोक सायकलनं येत.
आन हे आमचं घर. जरा हळू बसा."

मुली वाकतात, फोन धरतात.
पाण्यात आभाळ असतं, आणि एक पाणकावळा.
"दिसत तर काहीच नाही," कोणीतरी म्हणतं.
"मे महिन्यात या," दुधराम म्हणतो,
"टाकीचं डोस्कं निघते वर."

ती माणसं उतरली. मग आम्ही दोघंच
उगाच एक फेरी मारली.
मी त्याला छत्रीवाली बाई सांगितली,
झिजलेला उंबरा, अठरा युरोचं तिकीट.
तो बराच वेळ वल्हवत राहिला.
मग म्हणाला,
"त्या घरातलं कोणी येत होतं का बे, पाहाले?"

माहीत नाही, म्हटलं. चारच तास होते.

काठ आला. चप्पल चिखलात रुतली.
मी शंभराची नोट काढली.
"ठेव, तू तं गावचाच," म्हणाला,
आणि वल्ह्यानं मागं दाखवलं,
"तुमचं घर तिथं."

मला वाटत होतं, जरा डावीकडं.