खालचं काम

गवताचं काम शेवटच्या दिवशी असतं.
आधीचे चार दिवस मातीचे.
लोकांना हे पटत नाही. फोनवर विचारतात,
हिरवं कधी अंथरता?
जणू मी सतरंजीवाला.

इथे, वेकोच्या उत्तरेला, जमीन काळी आणि चिवट.
ऑगस्टमध्ये तिला भेगा पडतात,
हात कोपरापर्यंत आत जाईल अशा,
आणि पाऊस लागला की फुगून
घराला असा खांदा मारते
की बेडरूमचं दार लागेनासं होतं.
पाणी आत घेत नाही, पुढे जाऊ देत नाही.
नको असलेल्या सोयरिकीसारखं
अंगणातच ताटकळत ठेवते.

लोरेटा हावलिचेकच्या मागच्या अंगणात
ते मार्चपासून बसलं होतं,
कपडे वाळत घालायच्या खांबाभोवती, घोटाभर.
त्यात बेडकांची पिल्लं, एक फुटका टेनिसचा चेंडू.
तिचा म्हातारा कुत्रा पायरीवर उभा राहून
आधी पाण्याकडे बघायचा, मग तिच्याकडे,
आणि पायरीवरच उरकायचा.

"एमिलने पाइप टाकलाय," ती म्हणाली,
"सत्त्याऐंशी साली. सगळी सुट्टी त्यात घातली.
तो नसता तर आज पाणी माझ्या स्वयंपाकघरात असतं."
एमिलला जाऊन दोन हिवाळे झाले.
त्याचे गमबूट अजून दाराशी,
टाचेवरचा चिखल वाळून दगड झालेला.

पहिला दिवस, सहा इंच खोदाई.
फावड्याला माती चिकटते, फावडं बुटाला,
आणि माझा भाचा इसाउरो शिव्या देतो
आधी स्पॅनिशमध्ये, मग दोन्ही भाषांत.
दुसऱ्या दिवशी उतार.
दहा फुटांना अडीच इंच, घरापासून नाल्याकडे.
डोळ्यांना तो दिसत नाही.
पाण्याला दिसतो.

तिसऱ्या दिवशी पाइप लागला.

भाजलेल्या मातीचा, तांबूस,
सांध्यासांध्यातून मुळांच्या जटा.
पण जोडकाम सुबक. प्रत्येक तुकड्याखाली वाळूची गादी,
बाळाला निजवावं तशी.
इसाउरोने त्यावर लेव्हल ठेवली,
काचेतल्या बुडबुड्याकडे बघितलं,
लेव्हल उलटी करून पुन्हा ठेवली,
मग माझ्याकडे बघितलं.

उतार घराकडे होता.

सदतीस वर्षं अंगणातलं पाणी
तो पाइप इमानेइतबारे
घराच्या पायाशी नेऊन घालत होता.

खिडकीत लोरेटा उभी. काच बंद.
"सापडला का?" असं तिच्या ओठांवरून कळलं.
मी अंगठा वर केला.
इसाउरो म्हणाला, मामा, खोटारडा आहेस.
मी म्हणालो, कापड आण.

मग कापड, त्यावर खडी,
खडीत नवा, भोकाभोकांचा पाइप, मोजा घातलेला,
वर बारीक खडी, वर धपाधपा यंत्र.
पाचव्या दिवशी गवत उलगडलं.
चार गुंडाळ्या, प्लास्टिकचा वास,
जोडावर डिंक, पात्यांत वाळू, झाडूने उलटं विंचरणं.
तिला सांगितलं, जुलैत अनवाणी जाऊ नका, भाजेल.
आणि हे गवत पाणी पीत नाही हो.
हे नुसतं झाकण.
एक काळा पक्षी उतरला,
किड्यासाठी दोनदा चोच मारली,
अपमान झाल्यासारखा उडून गेला.

बिल द्यायला तिने आत बोलावलं.
त्याच वेळी पाऊस आला, तिरपा, दणकून.
आम्ही तिघं खिडकीशी.
पाणी पात्यांवर क्षणभर चमकलं
आणि खाली गेलं.
पलीकडे नाल्यात नळी खळखळायला लागली.
कुत्रा पायरी उतरला.

"बघ," ती म्हणाली, "एमिलचा पाइप आणि तुझं गवत."
"हो," मी म्हणालो.

कोलाच्यांची बशी तिने माझ्यापुढे सरकवली
आणि चेक फाडायला वळली.
मागे एमिलने ठोकलेली फळी,
फळीवर वाडग्याबाहेर राहिलेला एक आलुबुखार.
तो आपोआप, सावकाश,
कडेकडे घरंगळत निघाला.
मागे वळून न बघता
तिने हात लांब केला
आणि तो काठावर अडवला.