डावीकडचं बटण

रविवार कारंजाच्या मागच्या बोळात, जुझरभाईंच्या दुकानात,
काउंटरवर चार यंत्रं मांडलीयेत.
पिवळं, निळं, हिरवट,
आणि एक लाल, ज्याचा हर्षल फारच आग्रह धरतो.
"काका, हजार न्यूटन मीटर! ट्रकचं चाकसुद्धा सोडेल."
ट्रक नाही रे माझ्याकडे.
पोरीची छोटी गाडी आहे, तीही तिसऱ्या मालकाची.

एकतीस वर्षं सातपूरला होतो,
असेंब्ली लाइनीवर, चाकांच्या स्टेशनला.
डोक्यावर स्प्रिंगला टांगलेली हवेची गन,
ओढली की खाली, सोडली की वर.
गाडी समोर बावन्न सेकंद थांबायची.
चार नट, टर्रर्र, टर्रर्र,
पुढची.
रिटायर झाल्यावर किती नट होतात त्याचा हिशेब मांडायला बसलो होतो,
कॅलेंडरच्या पाठीवर.
सुलभा म्हणाली, जेवून घ्या आधी.

सगळे कसलेच.
सोडवायचं खातं आमच्याकडे नव्हतं,
ते कुठेतरी हायवेवर, पंक्चरवाल्यांच्या टपऱ्यांत,
रात्रीबेरात्री.

मार्चमध्ये अक्षदा विल्होळीच्या पुढे अडकली.
गेलो स्कूटरवर, पाना घेऊन,
पान्याला दोन फुटी पाइप लावला,
पाइपवर उभा राहिलो, अख्खे अडुसष्ट किलो.
तिसरा नट सुटला.
चौथ्याला स्टडच तुटला,
ऊस मोडावा तसा.
कुण्या गॅरेजातल्या पोरानं गन लावून पिळला होता तो,
मागची गाडी हॉर्न देत असताना,
अगदी मी पिळायचो तसा.
अक्षदा काही बोलली नाही. टॉर्च धरून उभी होती.
ट्रक जायचे तेव्हा टॉर्च हलायचा.

म्हणून आज
हर्षल, मला कसायचा जोर नको सांगू,
सोडायचा सांग.
तो खोका फिरवतो. बारीक अक्षरांत असतं ते, तळाशी.
निळ्याचा साडेचारशे.
बास. गंजलेल्याला दोन सेकंद जास्त देईन.

चौकोन अर्ध्या इंचाचा.
पिन नको, रिंगवाला दे;
पिनेतून सॉकेट काढायला खिळा लागतो
आणि अंधारात खिळा कुणाच्या बापाला सापडलाय?
बॅटरी चारची. पाचची जड होते,
हे बघ माझं मनगट, ही गाठ बघ,
ही कंपनीनं दिली, घड्याळाबरोबर.
सॉकेट काळे दे. चकचकीत नकोत, तडकतात.
सतरा, एकोणीस, एकवीस.

जुझरभाई चष्म्यावरून बघतात,
"पगारेभाऊ, घरी काय काम याला?"
गच्चीवरच्या टाकीचा स्टँड.
मोटरीच्या पायाचे बोल्ट.
सुलभाच्या आईनं दिलेला लोखंडी पलंग,
सत्त्याऐंशीपासून उघडलेला नाही,
एका बाजूला झुकलाय, आम्हीही त्याच बाजूला.
जुझरभाई हसत नाहीत. बिलात दोनशे कमी करतात.

आणि तो हाताचा पाना, आकडे असलेला,
हो, तोही बांध.
शेवटचा पीळ हातानंच.
शंभरावर लावायचा, टक् वाजलं की थांबायचं.
हर्षल म्हणतो, काका, एवढं कोण करतं?

शालिमारला सातपूरची बस मिळाली, खिडकीही.
मांडीवर खोका. बॅटरी वेगळी काढून पिशवीत,
तेवढी काळजी घेतली.
मग खोका उघडलाच.
शेजारचा कॉलेजचा मुलगा जरा सरकून बसला,
त्याला वाटलं असेल काहीतरी भलतंच.
घोडा, दिवा, मूठ.
घोड्याच्या वर आडवं बटण:
एकीकडून दाबलं की कस,
दुसरीकडून दाबलं की सोड.
झोपेत माझा अंगठा अजून दाबतो, सुलभा सांगते,
ब्लँकेटचं टोक धरून, दर मिनिटाला एकदा.

त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला
अंगठा आपसूक कसायच्या बाजूला गेला.
मी त्याला परत आणला.
पुढच्या सिग्नलला पुन्हा.